एक टाकी हलवणार नाही

धारगळला हायवेच्या कडेला माझ्या थोरल्या भावाचं रंगीत माशांचं दुकान आहे. दादा जाऊन तीन वर्षं होत आली, तरी लोक याला दादाचंच दुकान म्हणतात, आणि मीही म्हणतो. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला सिमेंटचं गोदाम आणि मध्ये लांबट गाळ्यात चौदा टाक्या. मी पेडण्याच्या एका हायस्कुलात कारकून होतो. दाखले, हजेरीपट, शिक्के यांत जन्म गेला. याला मासा फक्त ताटात ओळखता येतो, असं दादा चारचौघांत माझ्याबद्दल सांगायचा. मला राग यायचा, पण ते खरं होतं.

दादा पंचवीस वर्षं टिपर चालवत होता. डिचोलीच्या खाणीवर खनिज भरायचं, जेटीवर नेऊन ओतायचं, परत वर. खाणी बंद झाल्या तेव्हा टिपर घरासमोर उभा राहिला. चाकांच्या बाजूने गवत वाढलं. मग एक दिवस दादाने तो विकला आणि हे दुकान टाकलं. खाणीच्या ऑफिसात साहेबाच्या मागे माशांची टाकी होती म्हणे, आणि ट्रिपची चिठ्ठी घ्यायला उभं राहिलं की तो तिच्याकडे बघत राहायचा. एवढ्या भांडवलावर माणूस धंदा सुरू करतो, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

गेला तोही दुकानातच. दुपारी जेवून लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, तो उठलाच नाही. पंक्चरवाल्याला वाटलं, डोळा लागला असेल. चार वाजता मासे टाक्यांच्या पुढच्या काचेला येऊन दाटले, खायची वेळ झाली होती, तरी दादा हलेना, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

दहाव्या दिवशी आम्ही पुरुष माणसं नदीवर गेलो. पिंड ठेवले, केळीचं पान सारखं केलं आणि बाजूला होऊन उभे राहिलो. कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसले होते, एक तर खाली उतरून पानाभोवती दोन पावलं चाललासुद्धा, आणि उडून गेला. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखायची असते आणि ती पुरी करण्याचा शब्द मोठ्याने द्यायचा असतो. दादाचा जावई पुढे झाला, सासूबाईंना अंतर देणार नाही म्हणाला. कावळा नाही. चुलतभावाने जमिनीची वाटणी सलोख्याने करू म्हणून सांगितलं. कावळा नाही. ऊन चढलं. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला. खऱ्या कावळ्याने पाठ फिरवली की गवताच्या कावळ्याने काम भागवतात. त्यांची बोटं दर्भाला पीळ घालायला लागली. माझा भाऊ असा भागवाभागवीने जाणार, हे मला सोसेना.

मी पुढे झालो आणि हात जोडून ओरडलो, "दादा, तुजा दुकान बंद पडाक देवचंय नाय. एक टाकी जाग्यावरसून हलवचंय नाय!"

कावळा आला. सरळ आला आणि पिंडाला चोच लावून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. चुलतभावाने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी निवृत्त होऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

दुकान उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं की आपण कशाला कबूल झालो आहोत. दादा खायला घालण्याआधी अंगठीने काचेवर दोनदा टकटक करायचा. मासे आवाजाला सरावलेले होते. मी अंगठी घालत नाही, मी किल्लीने वाजवलं, तरी ते वर आले. पण सगळ्यांत मागच्या टाकीतला ऑस्कर आला नाही. काळा, अंगावर तांबूस डाग असलेला, दादाने बोटाएवढा आणून वीतभर केलेला मासा. तो तळाशी राहून माझ्याकडे बघायचा. माझ्याकडे म्हणजे माझ्या खांद्यावरून मागे. पहिल्या आठवड्यात मी चार-पाचदा वळून बघितलं असेल.

आम्हा भावांची चण सारखीच. दुपारी हायवेवरची वर्दळ कमी झाली, आत फक्त पंपांचा बुडबुड आवाज राहिला की काचेत माझा चेहरा दिसायचा, आणि पाण्यामुळे तो थोडा सुजलेला, थोडा सावळा, दादाचाच दिसायचा. एकदा खाणीवरचा त्याचा जुना जोडीदार दारात आला आणि मला पाठमोरा बघून तिथेच थबकला. "आरे, माका वाटला तोच बसलो," तो म्हणाला, आणि काहीही न घेता गेला. त्यानंतर मी त्या लाल खुर्चीवर बसायचं सोडलं. घरून स्टूल आणलं. खुर्ची मात्र हलवली नाही. टाक्यांचाच शब्द दिला होता, खुर्चीचा नव्हता, हे मला माहीत होतं. तरी नाही हलवली.

आता कारकुनाच्या हाती पसारा आला की त्याला तो लावावासा वाटणारच. महिनाभरात मला दुकानातले दोष दिसायला लागले, सहा महिन्यांत त्यावरचे उपाय सुचायला लागले, आणि मी शाळेची जुनी वही काढून लिहायला बसलो. गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश विकणं बंद करायचं, कारण घरी नेलेला मासा आठवड्यात मरतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. ऑस्करची पिल्लं कुणालाही द्यायची नाहीत, आधी घरची टाकी केवढी ते विचारायचं. प्रत्येक टाकीवर माशाचं नाव, तो काय खातो, कुणाबरोबर भांडतो, हे माझ्या अक्षरात लिहून लावायचं. अक्षर माझं चांगलं आहे. दारातली टाकी उन्हात आहे, तिचं पाणी तीन दिवसांत हिरवं होतं, ती आत घ्यायची. गप्पी आणि मोली या बारक्या जाती बाहेरून कशाला मागवायच्या, घरामागच्या सिमेंटच्या टाकीत आपणच वाढवाव्यात. आपल्या ओहोळात काळ्या ठिपक्यांचे छोटे मासे असतात, त्यांची एक टाकी ठेवावी, शेवाळ, दगड, सगळं इथलं. लोक आपल्याच गावचा मासा काचेतून बघायला थांबतील.

वहीची सोळा पानं भरली. त्यातलं एकही मी केलं नाही. पाट्यांना हरकत काय होती? काही नव्हती. पण पाटी चिकटवायला गेलो की वाटायचं, मागे कुणीतरी कपाळाला आठ्या घालून उभं आहे. दादा जिवंत असताना मी त्याला खूप अक्कल शिकवली होती. तो ऐकून घ्यायचा आणि हवं तेच करायचा. आता तो काहीच बोलत नव्हता, आणि मी मुकाट्याने ऐकत होतो.

हळर्णच्या एक शिक्षिका दुकानात यायच्या. घरी दोन मोठ्या टाक्या होत्या त्यांच्या. नवा माल उतरवताना त्यांनी मला एकदा बघितलं. थर्मोकोलच्या खोक्यातून पिशव्या काढायच्या, थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवायच्या आणि मासे सरळ जुन्या माशांत सोडून द्यायचे, ही दादाची पद्धत. कुणी काही म्हटलं तर तो सांगायचा, "इल्ल्या पावण्याक भायर उबो करूचो नाय." बाई म्हणाल्या, "पाहुण्यांना पंधरा दिवस वेगळं ठेवा हो. एखादा रोग घेऊन आला तर सगळं दुकान जाईल. आणि जाळीही प्रत्येक टाकीची वेगळी करा." मला पटलं. वहीत ते सतराव्या पानावर सगळ्यांत वर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

वेगळ्या टाकीला जागा हवी होती. गाळा भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेला. मागच्या रांगेतली एक टाकी उचलून दारात आणली तरच जागा होणार होती. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात, गणेशचवथीआधीचा मोठा माल यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी, मी एक टाकी अर्धी रिकामी केली आणि तिच्या कडेला हात घातला. कड वीतभर वर आली. मागे कुणीतरी श्वास घेतला. हायवेवर ट्रकने ब्रेक सोडला असेल, पंपाची नळी सुटली असेल, मला आजही सांगता यायचं नाही. मी कड खाली ठेवली, पाणी परत भरलं आणि "नाय हलवत, नाय हलवत" असं मोठ्याने म्हटलं. पंक्चरवाला डोकावून गेला.

माल आला. पाहुणे आत गेले.

चौथ्या दिवशी एंजल माशांच्या पंखांवर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मग मोलींवर. पावसाने पाणी गार झालेलं, आणि जाळी सगळ्या टाक्यांत एकच. मी हीटर लावले, मिठागराचं जाडं मीठ टाकलं, निळं औषध टाकलं, त्याने पाणी शाईसारखं झालं आणि मेलेले मासे दिसेनासे झाले एवढंच. बाईंना फोन केला. त्यांनी "वेगळं ठेवलं नव्हतं का?" असं विचारलं, आणि मी औषधाचं प्रमाण विचारून फोन ठेवला. बारा दिवसांत तेरा टाक्या रिकाम्या झाल्या. मागच्या माडाच्या मुळाशी खड्डा करून मी मासे पुरत होतो. ऑस्कर शेवटी गेला. जायच्या आदल्या दिवशी तो पहिल्यांदाच पुढच्या काचेला आला आणि तोंडाची उघडझाप करत राहिला. त्याला काही हवं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं.

मी घरी गेलो, हातपाय धुतले आणि वहिनीला म्हटलं, "वयनी, दादाचा दुकान माज्या हातून गेला. माका क्षमा कर." दुसऱ्या दिवशी अकराच्या बसने ती धारगळला उतरली. दादा गेल्यापासून तिने दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं. छत्री मिटून ती दारात उभी राहिली आणि निळ्या पाण्याच्या टाक्यांकडे बघत राहिली.

"ह्या सगळा तुमी तसाच ठेवलात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "सबद दिल्लो मा."

तिने पदराने तोंड पुसलं. "भावजी, एक सांगतंय. रागावा नकात. तेंका ह्या दुकानाचो वीट इल्लो. पाण्यात बघून बघून डोके दुकता म्हणायचे. चवतीपर्यंत टाक्यो विकतलंय नि शाळेच्या बशीर जातलंय, परत स्टेरिंगार बसतलंय, असा ठरयलेला तेंनी. एका बशीवाल्याक विचारून पण इल्ले. तुमका सांगूक लाजायचे. तुमी हसशात म्हणून."

मी विचारलं, "मगे तू आदी कित्याक नाय सांगलंस?"

"तुमी चार माणसांत सबद दिलात. कावळो शिवलो म्हणून सगळे सांगत इले. मी घरात बसलेली बायलमाणूस, कावळ्यापरास माका जास्त समाजता असा कसा सांगतलंय?"

मी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. सव्वा वर्ष मी ज्याची आज्ञा पाळत होतो, त्याला हे दुकान नकोच होतं. तो गेला त्या दुपारीही कदाचित मनाने हायवेवरच असेल. टाकी हलवू नकोस असं तो कधी म्हणाला नव्हता. ते मीच म्हणालो होतो, मीच ऐकलं होतं, आणि त्यापायी त्याने हाताने वाढवलेला मासा माझ्या डोळ्यांसमोर मरू दिला. मागे उभं राहून कोण श्वास घेत होतं, हा प्रश्न उरला नव्हता. इथलं सगळं जिथल्या तिथे राहिलं म्हणजे दादाही राहील, असं मला वाटत होतं. तो असावा म्हणून मी त्याला भूत करून ठेवलं होतं, आणि तेही नेमकं त्याला जिथून सुटायचं होतं तिथे.

"खयची हलवची?" वहिनीने विचारलं आणि छत्री भिंतीला टेकवली.

मी मागच्या रांगेतली टाकी दाखवली आणि तिच्यातलं निळं पाणी बादलीने उपसून काढलं. तिने एक बाजू धरली, मी दुसरी. साठी उलटलेल्या बाईच्या हाताला एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. टाकी उचलली गेली. मी सवयीने क्षणभर थांबलो, कान दिला. पंप बंद होते, गाळ्यात वहिनीच्या धापेशिवाय कसलाही आवाज नव्हता. दहाव्या दिवशी नदीवर मी रडलो नव्हतो, माझ्यावर कौतुकाचे हात पडत होते तेव्हा. टाकी हातात धरलेली असताना, डोळे पुसायला एकही हात मोकळा नसताना, मला कळलं की दादा गेला.