नाव झाकून पाहणाऱ्या बाई

आदरणीय डॉ. सुनंदाबाईंची आणि माझी पहिली भेट तारनाक्याच्या प्रयोगशाळेत झाली आणि पहिल्याच दिवशी मी बोलणी खाल्ली. कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूचा माझा नमुना मी स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसले होते. बाईंचा दंडक असा, की आपला नमुना आपण तपासायचा नाही. काचपट्टीवरचं नाव चिकटपट्टीनं झाकून ती दुसऱ्याच्या हाती द्यायची. "आपल्याला हवं ते दिसतं, नाहीतर ज्याला भितो ते," त्या म्हणाल्या.

वाढत्या मेंदूतले मज्जातंतू मधली रेषा ओलांडून पलीकडे कसे पोचतात, या प्रश्नात बाईंची हयात गेली. रेषेवरच्या पेशी तंतूंना आधी जवळ ओढतात आणि ओलांडले की माघारी फिरू देत नाहीत. यात काही चुकलं तर तंतू अलीकडेच घुटमळतात. असे तंतू मी रोज पाहत होते. त्याच काळात मी गरोदर होते आणि पाचव्या महिन्यात दिलसुखनगरच्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, बाळाच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल नीट दिसत नाही.

पुढच्या तपासणीच्या फिल्म खिडकीशी धरून मी दिवसभर बसले. कधी पूल दिसे, कधी नुसता काळोख. बाई चिक्कडपल्लीहून रिक्षानं आल्या. फिल्म माझ्या हातातून काढून घेतल्या, नावावर चिकटपट्टी लावली आणि ओळखीच्या तज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. परतल्या त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"परेशान नको होऊ, असं नाही म्हणणार गं. पुलाचा पुढचा भाग आहे, मागचा नाही. लेकरू उशिरा शिकेल. किती उशिरा, कुणालाच ठाऊक नाही. मी आहे."

माझी ईरा आता नऊ वर्षांची आहे. बुटाची नाडी बांधताना तिचे दोन हात एकमेकांचं ऐकत नाहीत. दर रविवारी बाई आमच्या जिन्यावर तिच्याशेजारी बसतात. मी मदतीला वाकले की दटावतात, "तू आत जा. तुला भीतीच दिसते."

मी आत जाऊन कान देऊन उभी राहते. गेल्या रविवारी ईराचा आवाज आला, "आज्जी, बांधली क्या मी? मम्मीला बुलाऊ?"

"हौ, बुलाव. आता बघू दे तिला."

बाई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. दुसऱ्या बुटाची नाडी अजून बाकी आहे, आणि माझी भीती गेलेली नाही. बाई, तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं सगळेच म्हणतील. मी मात्र ते माझ्यासाठी मागते आहे.