संगाप्पांच्या बावीस लेकी

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या गावातले दुकानदार पूजा उरकून फराळावर बसत. संगाप्पा मात्र कापड मोजायची टेप गळ्यात टाकून तळ्याच्या पाळीवर जात. पाळीवर ओळीनं बावीस चिंचा होत्या, आणि प्रत्येक चिंचेच्या बुंध्याचा घेर ते मापून बघत. झाडं जुनी, एकट्याच्या कवेत न मावणारी. म्हणून वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात देत. उदगीरच्या कॉलेजातून पदवी घेऊन, नोकरी न मिळवता परतलो त्या वर्षी ते टोक माझ्या हाती आलं.

"घट्ट धर की! लेकीचं माप घेऊन राहिलो," अप्पा झाडापलीकडून ओरडले. मग टेप बघून खूश झाले. "हिनं अंग धरलंय बघ औंदा. पाणी न्हाई, पाऊस न्हाई, तरी धरलंय."

जळकोटकडच्या त्या आमच्या गावात संगाप्पांचं कापडाचं छोटं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि भेटेल त्याला "शरणार्थ!" असं खणखणीत म्हणायची सवय. अप्पांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा आवाज एवढा मोठा होता, की ते दुकानात भाव सांगत आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात घासाघीस करी.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेरीच्या कामासाठी उस्मानाबादची लांबची खेप वाचली म्हणून सगळे खूश होते. पण त्याच सुमाराला दुष्काळानं मुक्काम ठोकला. तळं आटून भेगाळलं. अप्पा म्हणायचे, "जिल्हा जवळ आला अन् पाऊस लांब गेला. सरकारनं अदलाबदल केली जणू."

आमचे सरपंच माणिकराव तसे वाईट नव्हते, फक्त हौशी होते. नव्या जिल्ह्यातले साहेब आणि पुढारी गावात येणार, तर वेशीवर सिमेंटची कमान हवी, असं त्यांच्या मनानं घेतलं. कमानीसाठी पैसा कुठून आणायचा? पाळीवरच्या चिंचा वीटभट्टीवाल्याला द्यायच्या. निवडणूक तोंडावर आली होती. ती झाली की कुऱ्हाड चालणार, हे त्यांनी चावडीवर सांगूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आमच्या दारात हजर. "लेकरा, तू उभा राहा."

"मी? मला कोण मत देणार, अप्पा?"

"मला बी तीच शंका हाय," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "पर दुसरा कोणी रिकामा न्हाई."

अशा रीतीनं मी राजकारणात आलो. आमची निशाणी निघाली छत्री. दोन वर्षं ज्या गावानं धड पाऊस पाहिला नव्हता, त्या गावात छत्री! लोक हसून हसून बेजार झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी मात्र आपली जुनी काळी छत्री काढली आणि भर उन्हात ती उघडून गल्लीगल्ली फिरू लागले. "ही निसती निशाणी हाय. खरी छत्री पाळीवर उभी हाय. त्या बावीस छत्र्या तोडल्या तर गुरं कुठं बसतील? अन् तळ्याची पाळ कोण धरून ठिवंल, माणिकरावाची कमान?" बायका हसता हसता माना डोलवू लागल्या.

पण माणिकरावांच्या माणसांनी खरा डाव आधीच टाकला होता. घरोघर जाऊन त्यांनी लोकांना बेलभंडार उचलायला लावला होता. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शब्द दिला, की आमच्याकडे तो मोडत नाहीत. पोटात एक असलं तरी मत शब्दाप्रमाणेच पडतं. आमचे कार्यकर्ते म्हणाले, "अप्पा, उरलेल्या घरांत आपण बी उचलायला लावू."

अप्पांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "खबरदार! देणाऱ्यानं कामून शपथ घ्यावी? मागणाऱ्यानं घ्यावी!"

त्याच संध्याकाळी त्यांनी दवंडी दिली. सारा गाव पाळीवर जमला. अप्पांनी माझ्या ओंजळीत बेल आणि भंडारा ठेवला आणि म्हणाले, "बोल." तोवर निवडणूक मला गमतीची वाटत होती. मी कसाबसा म्हणालो, "निवडून आलो तर यातलं एकही झाड तोडू देणार नाही."

गर्दीतून म्हातारी गंगव्वा पुढे आली. तिनं माणिकरावांसाठी बेल उचलला होता आणि तिच्या शेळ्या चिंचांखालीच बसत. "अप्पा, माझ्या शपथेचं काय रं?"

"धाक घालून घेतलेली शपथ शंभू मोजत न्हाई, अव्वा. तसं बी, माणिकरावाला म्हणावं, तू बी पाळीवर येऊन बेल उचल. मग दे त्यालाच मत."

गंगव्वा खरंच माणिकरावांच्या दारात जाऊन बसली. तिच्यामागे आणखी बायका गेल्या. माणिकराव मागच्या दारानं शेताकडे निघून गेले.

मतदानाच्या दिवशी अप्पा छत्री उघडून केंद्राकडे निघाले, तर मागे पंधरा-वीस म्हाताऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर छत्र्या. अधिकारी धावत आले. "बंद करा! ही निशाणी आहे, इथं चालणार नाही!"

"हाव साहेब, करतो की," अप्पांनी शहाण्यासारखी छत्री मिटली. "पर उन्हाला बी जरा सांगा."

साहेब एकेक छत्री मिटवत घामाघूम झाले, आणि सगळी रांग खो खो हसली. आमचा तेवढा प्रचार महिनाभरात झाला नव्हता. मी अकरा मतांनी निवडून आलो आणि पुढे सरपंचही झालो.

पदाचा वारा मलाही लागलाच. पाण्याच्या टाकीसाठी कडेची एकच चिंच काढावी, असं माझ्या मनात आलं. कुणाला बोललो नव्हतो, नुसती जागा बघून आलो होतो. दुसऱ्या दिवशी अप्पा पंचायतीत आले, माझ्या टेबलावर बेलाचं एक पान ठेवलं आणि "शरणार्थ" म्हणून निघून गेले. टाकी दुसरीकडे झाली.

पुढच्या निवडणुकीआधी माणिकराव आपण होऊन पाळीवर गेले आणि सगळ्यांदेखत त्यांनी बेल उचलला. मी सपाटून पडलो. घरात तोंड लपवून बसलो होतो. अप्पा पेढे घेऊन आले, आणि चेहराभर हसू!

"अप्पा, मी पडलो."

"हाव, मालूम हाय. माझ्या लेकी उभ्या हायत की! येड्या, आपण तुला थोडंच निवडून आणलं होतं?" आणि त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. तेव्हा राग आला. पेढा संपेपर्यंत गेला.

अप्पा नेहमी म्हणत, "मेल्यावर बी गावाचं एक लाकूड जाळणार न्हाई मी." ते खरं करून गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. मी खूप रडलो.

त्या वर्षी पाडव्याला अप्पांच्या दुकानातून टेप मागून घेतली आणि पाळीवर गेलो. पाहतो तर माणिकराव, धोतराचा सोगा खोचून, पहिल्या चिंचेला सुतळी गुंडाळायची खटपट करत होते. सुतळी बुंध्याला पुरी पडत होती, हात पुरत नव्हते. मला बघून ते ओशाळले. मी टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि झाडाला वळसा घालू लागलो.

पलीकडून ते ओरडले, "घट्ट धर की!"