लायनसचं नाव

युद्ध संपून वीस वर्षं झाली, तेव्हा बूगनविल बेटाच्या दक्षिणेकडच्या वाड्यांतून तेक्ला वही घेऊन फिरायला लागली. युद्धात हरवलेल्या माणसांची यादी चर्चच्या बायका करत होत्या. अंगात कुठला सदरा होता, कुठला दात पडलेला होता, शेवटचं कोणी पाहिलं, असं सगळं ती विचारायची. लोक म्हणायचे, तेक्लासारखं ऐकून घेणारं माणूस नाही. ते ऐकलं की ती मान खाली घालायची. तिला वाटायचं, आपण हे चोरलेलं कौतुक खातोय.

तिची मावसबहीण उर्सुला मात्र आपल्या भावाचं, लायनसचं नाव लिहू देत नसे. "लिहिलंस की मेला तो," म्हणायची. तेक्लाही कधी आग्रह करत नसे.

एके सकाळी उर्सुला अळकुड्या घेऊन आली आणि ओट्यावर बसली. "लिही आज. किती वर्षं वाट बघू?"

लायनस मास्तर होता. सैन्याने बेटाची नाकेबंदी केली, तेव्हा तो त्यांच्या छावणीतून हिवतापाच्या गोळ्या चोरून डोंगरातल्या लोकांना पोचवायचा. एका दुपारी त्याला नदीकडे नेलं ते नेलंच. तेक्लाने सगळं उतरवून घेतलं.

"त्याचं नाव कोणी फोडलं, ते तेवढं कळलं नाही बघ," उर्सुला म्हणाली.

तेक्लाचा हात थांबला. "मी," ती म्हणाली.

"काय मी?"

"माझी अगाथा तापाने फणफणली होती. चार वर्षांची पोर. छावणीचा कमांडर म्हणाला, गोळ्या कोण नेतं ते सांग, तुला देतो. मी सांगितलं."

उर्सुलाने अळकुड्या बाजूला सारल्या. मग अगदी हळू म्हणाली, "अगं, त्याच्याकडे मागायच्या होत्यास. मामा होता ना तो तिचा? दिल्या असत्या की गं."

हे तेक्लाला ठाऊक होतं. त्या दिवशीही ठाऊक होतं. पण लायनस दोन दिवसांनी परतणार होता आणि पोरीचे डोळे पांढरे होत होते. हे बोलून दाखवायचं तिच्या जिवावर आलं. कारण सांगितलं की माफी मागितल्यासारखं होतं.

"अगाथाला सांग," उर्सुला उठत म्हणाली. "मी नाही सांगणार."

तेक्लाने सांगितलं. अगाथा स्वतः दोन पोरांची आई. तिने ऐकलं, ताट धुवायला घेतलं आणि तेच ताट धूत राहिली. "मला का नाही मरू दिलंस?" एवढंच म्हणाली, आणि महिनाभर आईच्या घराकडे फिरकली नाही.

गोष्ट वाडीभर झाली, तसे म्हातारे पेचात पडले. दोन कुळांत वैर असलं तर डुक्कर कापून समेट होतो. कूळ आईकडून येतं, म्हणून इथे दोघी एकाच कुळाच्या. उर्सुलानेच तोडगा काढला. "डुक्कर नको. ज्याने नेला त्याच्याकडे हिने जावं. पुरल्याची जागा विचारून यावं."

कमांडर आता थकला होता, किनाऱ्यावर कोकोच्या बिया वाळवत बसायचा. तेक्लाला त्याने ओळखलं नाही. तिने ओळख दिली तेव्हा तो म्हणाला, "तू सांगितलंस, मी नेलं. आता काय उकरतेस?"

"तेच. उकरायचंच आहे," ती म्हणाली. "चल."

तो तीन दिवस नाही म्हणाला. ती तीन दिवस त्याच्या अंगणात बसून राहिली. चौथ्या दिवशी त्याने काठी घेतली आणि तिला नदीकाठच्या विलायती फणसाखाली नेऊन उभं केलं. उर्सुलाला बोलावून खणलं, तेव्हा तिथे हाडं मिळाली. लहानपणी नारळावरून पडून मोडलेलं मनगट उर्सुलाने बोटांनी चाचपलं आणि ती मोठ्याने रडली.

लायनसला चर्चमागे पुरलं. लोकांनी तेक्लाच्या धीराची वाखाणणी केली. तिला ते शिव्यांपेक्षा झोंबलं.

अगाथा दर शनिवारी मामाच्या थडग्यावरचं गवत काढायला जायची. एकदा ती आईच्या दारात थांबली. "येतेस?"

उर्सुला आधीच थडग्याशी वाकली होती. तिने वर पाहिलं.

"त्या बाजूचं उपट," ती म्हणाली. "डोक्याकडचं माझं मी करते."

तेक्ला पायाकडे बसली.