बाबांची प्रदक्षिणा

मंडळी, सकाळपासून हे सांगायचं होतं. पाहुणे आत्ता गेले आणि मी लगेच लिहायला बसले.

हिवाळ्यात माझ्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावं अंग लुळं पडलं. आता ते काठी घेऊन वैशाली नगरच्या आमच्या फ्लॅटभर फिरतात. पण फिजिओथेरपिस्ट मॅडम दर वेळी बजावतात, "सीधा चलने दीजिए, बस मुड़ते वक़्त पकड़िए." तोल जातो तो वळतानाच. म्हणून ते वळायला लागले की मी त्यांचा दंड धरते.

आज घरी गणपती बसले. आरतीच्या शेवटी सगळे टाळ्या वाजवत सवयीने स्वतःभोवती फिरलो. मीसुद्धा! बाबांना धरायचंय हे डोक्यातूनच गेलं. फिरून समोर आले आणि बघते तर बाबासुद्धा आमच्याबरोबर वळायला निघालेले. अर्ध्यातच अडकले होते, गणपतीकडे पाठ, तोंड दाराकडे.

मी झेपावले, तर आईने माझं मनगट पकडलं आणि संपलेली ओळ पुन्हा सुरू केली. सगळ्यांनी ती उचलली. मग परत तीच ओळ, परत तीच. बाबा पाऊल फरपटत, काठी टेकत वळत राहिले. ते गणपतीसमोर आले तेव्हाच आईने आरती संपवली.

"एवढी लांबवतात का गं आरती?" बाबा धापा टाकत म्हणाले.

तुमच्या घरी असं कोणी पुन्हा उभं राहत असेल, तर सांगा. त्यांना धरणं तुम्ही कधी सोडलंत? आणि सोडल्यावर आपले हात कुठे ठेवायचे? माझे अजून हवेतच आहेत.