ठेवणीतला गियर

वस्तू वापरण्यासाठी असतात ही गोष्ट जगात सगळ्यांना कळली आहे, एक आमचे भाऊजी सोडून. भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. आमच्याच आवारात पलीकडच्या टोकाला राहतात. तुम्ही सुट्टीत श्रीरामपूरला यायचात तेव्हा ज्यांच्या गाडीत बसण्याआधी तुम्हाला साबणाने हात धुवावे लागत, तेच हे. त्यांच्या मनगटी घड्याळाच्या काचेवरचा दुकानातला चिकट कागद ते निवृत्त होईपर्यंत तसाच होता, त्यामुळे वेळ पाहायची झाली की ते शेजारच्या माणसाला विचारत. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर, आणि रबर जुनं होऊ नये म्हणून ते रात्री काढून ठेवायचं. मी एका नाताळात त्यांना चांगलंसं पेन दिलं होतं. "सही करण्यासारखं काही आलं की काढू," असं म्हणून त्यांनी ते खोक्यासकट कपाटात ठेवलं आणि पेन्शनच्या कागदांवर सही करायला माझ्याकडून बॉलपेन मागून नेलं. ते पेन अजून खोक्यातच आहे.

अशा माणसाने जुनी, दुसऱ्याने वापरलेली गाडी घ्यावी याचं तुम्हाला नवल वाटेल. पण ती गाडी त्यांनी स्वतःसाठी घेतलीच नव्हती. तुमच्या धाकट्या आजीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, लहानपण भंडारदऱ्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत गेलं. तिचे वडील तिथे शाळामास्तर होते. पावसाळा सरता सरता तिथला पठाराचा माथा सोनकीच्या फुलांनी पिवळा होतो. लग्न होऊन ती इकडे आली, नर्सची नोकरी केली, मुलं मोठी केली, पण तो माथा तिने पुन्हा पाहिला नाही. फुलं असतात तेव्हा शेवटच्या चढणीला नुसता चिखल असतो, आणि चिखल वाळेपर्यंत फुलं गेलेली असतात. चालत जायचं तर तिचे गुडघे तयार नव्हते. निवृत्त झाल्यावर भाऊजींनी जेवता जेवता जाहीर केलं, "चारी चाकं ओढणारी गाडी घेतो आणि तुला थेट फुलांत नेऊन उभी करतो." धाकटीने त्या दिवशी भातावर दोनदा वरण वाढून घेतलं.

गाडी मिळाली सुप्याला. एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे मॅनेजर बदलीवर निघाले होते, त्यांची ती पांढरी, उंच, मागे लांबलचक डिकी असलेली वॅगन. सौद्याला मला नेलं होतं ते इंग्रजी कागद वाचायला. भाऊजींनी घरून नेलेली चादर जमिनीवर अंथरली, गाडीखाली सरकले, आणि बायकोचा स्टेथोस्कोप कानाला लावून इंजिन, गियरबॉक्स आणि चुकून स्वतःची छातीही तपासली. मॅनेजर बिचारे पाहत राहिले. शेवटी भाऊजींनी गियरच्या दांड्याशेजारचा दुसरा, आखूड दांडा दाखवून विचारलं, "हा चारी चाकांचा ना? किती वेळा वापरलात?" मॅनेजर प्रामाणिक होते. म्हणाले, "खरं सांगू का, एकदाही नाही. गरजच पडली नाही." भाऊजींचा चेहरा असा उजळला की पुढची घासाघीस तिथेच संपली. परतीच्या वाटेवर ते मला सारखे सांगत होते, "वहिनी, गाडी वापरलेली आहे, पण गियर कोरा आहे हो! कोरा!"

गाडी आली त्या आठवड्यात पाळकसाहेबांना बोलावून प्रार्थना झाली. पाळकसाहेब गाडीवर, मालकावर, प्रवासावर आशीर्वाद मागून 'आमेन'पर्यंत आले, तोच भाऊजींनी डोळे मिटल्या मिटल्याच आठवण केली, "आणि चारी चाकांचा गियर." तोही प्रार्थनेत आला. मग सीटवर प्लास्टिक, प्लास्टिकवर टर्किश टॉवेल, पायाखाली वर्तमानपत्र. उन्हाळ्यात कडुनिंबाची सावली सरकेल तशी गाडी सरकायची. ऊस वाहणारा ट्रॅक्टर समोरून आला तर धूळ बसेपर्यंत भाऊजी रस्त्याच्या कडेला काचा लावून थांबायचे, त्यामुळे हंगामात रविवारच्या उपासनेला ते पोहोचत तेव्हा दानपेटी फिरून गेलेली असे. तुमचे आजोबा म्हणायचे, "धाकट्याने गाडी विकत नाही घेतली, दत्तक घेतली आहे."

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मीच त्यांना वाचून दाखवलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की चारी चाकांचा गियर अधूनमधून टाकून गाडी थोडी चालवत जावी, नाहीतर तो आखडतो. भाऊजी हसले. "कंपनीचं काय जातं, वहिनी? झिजला की पार्ट त्यांचाच खपणार." धाकटी तेव्हा शेंगा सोलत बसली होती. ती मान वर न करताच म्हणाली, "सासूबाईंनी दिलेला शालू मी असाच जपून ठेवला होता. मुलाच्या लग्नात काढला तर घडीघडीवर विरलेला. अंगावर न घालताच फाटला."

"अगं, तो शालू. हे लोखंड आहे," भाऊजी म्हणाले, आणि पुस्तक पिशवीत घालून पिशवीला रबर लावलं.

पहिल्या दोन पावसाळ्यांत जाणंच झालं नाही. एकदा टायर 'अजून नवे' होते, एकदा बॉडीला पॉलिश नुकतंच केलं होतं. तिसऱ्या वर्षी धाकटीने पिशवी भरून सरळ गाडीत नेऊन ठेवली आणि स्वतःही बसली. मी मागे. संगमनेर, अकोले, राजूर, वाटेत दोनदा चहा आणि एकदा काचा पुसणं. वाडीखालच्या चढणीला पोहोचलो तेव्हा वर ढगातून पिवळ्याची एक पुसटशी कड दिसत होती. धाकटीने माझा हात घट्ट धरला. "ताई, तेच!" भाऊजींनी गाडी थांबवली, खिशातून रुमाल काढून तो आखूड दांडा पुसला, आणि पुढे लोटला. तो हलला नाही. दोन्ही हातांनी लोटला. पाय लावला. आत कुठेतरी कडकन आवाज झाला आणि दांडा पडायला आलेल्या दातासारखा हातात डुगडुगू लागला. तरीही त्यांनी गाडी चढणीला घातलीच, आणि मागची दोन चाकं चिखलात गरगरत राहिली.

खालच्या भातखाचरातून एक बाबा ट्रॅक्टर घेऊन आले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ही चारी चाकांची हाय ना?"

"हाय की," भाऊजी म्हणाले. तेसुद्धा त्या क्षणी बाबांच्याच भाषेत शिरले होते.

"मंग दोनच का फिरत्यात?"

"बाकीची दोन ठेवणीतली आहेत, बाबा," धाकटी आतून म्हणाली. बाबा इतके हसले की साखळी बांधायला त्यांना दोनदा वाकावं लागलं. धाकटीही हसली. पण गाडी मागे मागे ओढली जात असताना ती ढगातल्या त्या पिवळ्या कडेकडे वळून वळून पाहत होती, आणि हसणं केव्हा थांबलं ते तिलाही कळलं नसावं.

खरं तर दुरुस्ती साधी होती. तुटलेला भाग एका भंगारवाल्याकडे, तशाच एका मोडीत काढलेल्या गाडीत होता. भाऊजींनी तो पाहिला, वास घेतला आणि नाकारला. का, तर तो वापरलेला होता! त्यांना नवा हवा होता. आणि नवा तर कुठेच बनत नव्हता. ते पुण्याला जाऊन आले, ओळखीच्यांकडून मुंबईत चौकशी केली, माझ्याकडून परदेशात इंग्रजी ईमेल लिहवून घेतल्या. धाकटी म्हणायची, "अहो, गाडी वापरलेली, तुम्ही वापरलेले, मी वापरलेली. पार्टच तेवढा कोरा कशाला?" भाऊजींचं उत्तर ठरलेलं असे, "तुला न्यायचं आहे म्हणून तर. थांब जरा." फुलांचा एक हंगाम गेला. दुसराही गेला. तुमचे आजोबा गेले ते त्यानंतरच्या हिवाळ्यात.

त्याच सुमारास धाकटीच्या डोळ्यांवर मधुमेहाने पडदा ओढायला सुरुवात केली. ती स्वतः नर्स, तिला आमच्याआधी कळलं होतं. ती शेंगा सोलताना फोलपटं ताटात आणि दाणे जमिनीवर टाकू लागली तेव्हा आम्हाला कळलं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता उजेड आणि सावली एवढंच राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी गेले आणि भंगारवाल्याकडचा तो वापरलेला भाग घेऊन आले. कागदात गुंडाळलासुद्धा नव्हता, त्यांच्या पांढऱ्या पँटवर काळं तेल ओघळलं होतं. मेकॅनिक काम करत होता तोवर ते सीटवरचं प्लास्टिक कात्रीने कापून काढत होते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही तिघं पुन्हा गेलो. गाडीच्या कापडावर मी प्रथमच बसले, आणि ते चांगलं मऊ आहे हे मला तेव्हा कळलं. चढणीच्या पायथ्याशी भाऊजींनी दांडा लोटला. तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. चिखलाचे फवारे काचेवर उडत होते, भाऊजींनी एकदाही चच्च केलं नाही. चारी चाकं हळूहळू ओढत होती आणि आम्ही सरळ माथ्यावर, फुलांच्या मधोमध जाऊन थांबलो. भाऊजींनी धाकटीला हात धरून उतरवलं. ती चेहरा वर करून उभी राहिली.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"पिवळं आहे."

"पिवळं म्हणजे कसं? हळदीसारखं? लिंबासारखं?"

भाऊजींनी आयुष्यात गाडीखेरीज कशाचा रंग नीट पाहिलेला नाही. त्यांनी बराच विचार केला. "टॅक्सीच्या नंबरप्लेटसारखं," ते म्हणाले. "नव्या. लावली त्या दिवशीच्या."

"आणि कुठपर्यंत आहे?"

"बॉनेटपासून जे सुरू होतं ना, ते संपतच नाही गं."

"वारा आला की?"

"वारा आला की वायपरसारखी सगळी एका बाजूला जातात, आणि परत येतात."

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पिवळ्याला मला कितीतरी शब्द येतात. पण त्या दोघांच्या मागे मी गप्प उभी राहिले. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि ते दिसण्याचा मला फारसा हक्क आहे असं वाटत नव्हतं.

"सोनकीच," धाकटी म्हणाली. "बरोबर जागी आणलंत हो." खाली वाकून तिने फुलं तोडली नाहीत, नुसता त्यांच्यावरून हात फिरवला, दवाखान्यात लहान मुलांच्या डोक्यावरून फिरवायची तसा.

उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. चिखल संपून डांबरी सडक लागली. इथे चारी चाकांचा गियर काढायचा असतो, कोरड्या सडकेवर तो उगाच झिजतो. भाऊजींनी गाडी थांबवली, दांड्यावर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

"अडकला का हो पुन्हा?" धाकटीने विचारलं.

"नाही गं," भाऊजी म्हणाले. "चांगला चालतोय."

पण हात त्यांनी काढला नाही, दांडाही मागे ओढला नाही. इंजिन चालू ठेवून आम्ही कितीतरी वेळ तिथेच, सडकेच्या तोंडाशी, थांबून होतो.