दादासाहेबांचे सहा चेंडू

दादासाहेबांच्या जानव्याला दोन किल्ल्या असत. एक दागिन्यांच्या डब्याची आणि दुसरी चेंडूंच्या कपाटाची. डब्याची किल्ली सणासुदीला त्यांच्या बायकोच्या, काशीवहिनींच्या हाती पडे. कपाटाची किल्ली मात्र त्यांनी सख्ख्या भावालाही दिली नसती. जेवताना, पान खाताना ती छातीवर लोंबत असायची आणि जरा मान हलवली की दोन्ही किल्ल्या किणकिणायच्या. खोताच्या वाडीजवळच्या आमच्या चाळीतली पोरं तो आवाज ऐकला की पळत सुटायची. आणि हा गृहस्थ म्हणे पोरांच्या खेळण्याची सोय करायला निघालेला!

त्याचं असं झालं. दादासाहेब कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. मूलबाळ नव्हतं, वेळ मात्र उदंड. अशात कुठल्याशा सभागृहात त्यांनी एका मडमेचं व्याख्यान ऐकलं. शाळेत न बसवलेल्या लहान पोरांना छडीने नव्हे, खेळण्यांनी शहाणं करावं, असं ती बाई बोलली. झालं, दादासाहेबांना झपाटलं. कोट भागातल्या एका दुकानातून त्यांनी परदेशी खेळण्यांची पेटी आणली. तिच्यात सहा रंगांचे सहा लोकरी चेंडू होते, प्रत्येकाला दोरी, शिवाय लाकडाचे गोळे आणि चौकोनी ठोकळे. सुताराकडून कमरेइतक्या उंचीचा वाळूचा हौद करवला. चौपाटीची वाळू आणून तीन पाण्यांनी धुतली, वाळवली, मैद्याच्या चाळणीने चाळली. तळमजल्यावरची खोली रिकामी करून दारावर पाटी लावली, 'बालक्रीडामंदिर'. मंदिरच होतं ते. देव कुलपात आणि भक्त लांब.

तिथे पोरं कशी खेळत म्हणता? सकाळी आठ वाजता बाकावर ओळीने बसायचं, हात पाठीमागे. दादासाहेब कपाट उघडणार, एक चेंडू दोरीने वर धरणार आणि छापील पुस्तक बोलावं तसं बोलणार, "बालकांनो, मनुष्यास इंद्रिये पाच. त्यांत श्रेष्ठ ते नेत्र. पाहावे, परंतु स्पर्शू नये. हा कोणता वर्ण?" पोरांनी ओरडायचं, "लाल!" की चेंडू परत कपाटात. मग सगळ्यांनी उठून हौदाभोवती एक फेरी मारायची आणि वाळू बघायची. वाळूत बोट खुपसलं तर पट्टी. पोरं गेल्यावर दादासाहेब स्वतः त्या वाळूवर फळी फिरवून ती सपाट करत. कशासाठी, देव जाणे. तिला तर कुणी शिवलेलंही नसायचं.

या सगळ्याला मी मनसोक्त हसले असते, पण माझं घोडं तिथेच अडलेलं होतं. माझी चिमी चार वर्षांची होती. दीड वर्षाची असताना तिला देवी आल्या आणि जाताना तिचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पोरगी हुशार होती हो! वाडीत मासळी घेऊन येणारी हौशी कोळीण टोपली उतरवून म्हणायची, "घे गो बाय, तुझ्या पोरीला शिंपल्या," आणि चिमी एकेक शिंपली चाचपून सांगायची, कालची कुठली न् आजची कुठली. चिंचोके, करवंट्या, माझ्या सुपातले तांदूळ, सगळ्यांशी तिची मैत्री. नव्हती ती फक्त पोरांशी. चाळीतल्या बायका म्हणत, कशाला बाहेर आणतेस तिला, बसू दे कोपऱ्यात. मला तिला कोपऱ्यात बसवायचं नव्हतं. मला ती त्या बाकावर, चार पोरांच्या मध्ये बसलेली बघायची होती. एवढंच हवं होतं मला.

म्हणून मी दादासाहेबांना विचारायला गेले. त्यांनी चिमीकडे पाहिलं, किल्ली कुरवाळली आणि म्हणाले, "बाई, आमची पद्धती शास्त्रीय आहे. जिला पाहता येत नाही, ती खेळणार कशाने?"

मी घरी येऊन भांडी आपटली. माझे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते म्हणाले, "अगं, मोठा माणूस आहे, सोडून दे." मी कशाची सोडते! दुसऱ्या दिवसापासून चिमीला त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर नेऊन बसवलं आणि शेजारी मी तांदूळ निवडत बसले. व्हरांडा काही दादासाहेबांच्या कपाटात नव्हता. आत पोरं ओरडत "लाल!" आणि बाहेर माझी पोर हळूच म्हणे "लाल." लाल म्हणजे काय, ते तिला कोण सांगणार!

अशी दोन वर्षं गेली. आणि एके सकाळी दादासाहेबांनी चेंडू वर धरला आणि म्हणाले, "हा हिरवा." मी सुपातून मान वर केली. चेंडू चांगला कुंकवासारखा लाल होता. पोरं मात्र एका सुरात ओरडली, "हिरवा!" मग निळ्याला त्यांनी जांभळा म्हटलं, पोरंही जांभळा म्हणाली. सुटी झाल्यावर मी बाकावरच्या सदूला धरलं, "काय रे, चेंडू लाल होता ना?" तो म्हणाला, "होता. पण लाल म्हटलं की पट्टी बसते. ते म्हणतील तेच म्हणायचं." कितीतरी दिवस हे चाललं होतं म्हणे, आणि सुपात मान घातलेल्या मला पत्ताच नव्हता. शास्त्रीय पद्धतीने सगळी चाळ रंगआंधळी होत चालली होती!

आधी मला हसू आलं. मग लक्षात आलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि तो लपवतोय. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आधी मी चिमीला घेऊन गेले आणि हळूच म्हटलं, "दादासाहेब, कालचा पहिला चेंडू लाल होता. डोळे एकदा डाक्तरला दाखवा."

त्यांचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला. "डोळे तुमच्या मुलीचे गेले आहेत, बाई. माझे नाहीत."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी चिमीचा हात धरला आणि उंबरा ओलांडून सरळ आत गेले. "असं? मग उघडा ते कपाट. तुम्ही बघून सांगा आणि ही हात लावून सांगेल. होऊन जाऊ दे!"

"स्पर्श? त्या चेंडूंना?" दादासाहेबांनी किल्ली मुठीत घट्ट धरली.

आतल्या खोलीतून काशीवहिनींचा आवाज आला. तीस वर्षांत त्या नवऱ्यापुढे मोठ्याने बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "उघडा म्हणते ना मी. बघू तरी काय ते."

दादासाहेब उठले. किल्ली कुलपाला लावू लागले, पण रोज सवयीने सापडणारं भोक आज रागाच्या भरात काही सापडेना. वर, खाली, बाजूला, किल्ली नुसती पितळेवर घासत राहिली. काशीवहिनीही बाहेर येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. चिमीने तो आवाज ऐकला, पुढे झाली, कुलपावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजोबा, इथं आहे." तिने भोकावर बोट ठेवलं आणि त्या बोटाशेजारून किल्ली आत गेली.

मग तिने पेटीत दोन्ही हात घातले. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातात ते चेंडू आले. तिने एक उचलला, गालाला लावला, उलटा केला आणि थांबली. "याला भोक आहे." दुसरा उचलला. "यालापण. मोठ्ठं." तिसऱ्याला हात लावला आणि किंचाळली, "आई गं, यात काहीतरी वळवळतंय!"

मी जाऊन पाहिलं. सहाही चेंडूंना कसर लागली होती. पेटीच्या तळाला टेकलेली बाजू किड्यांनी पोखरून आतून पार पोकळ केली होती. समोरची बाजू मात्र अशी गोल, गुळगुळीत, की नजर लागावी. रोज तीच बाजू पोरांपुढे धरली जायची. दोन वर्षं वीस पोरांनी रोज चेंडू पाहिले आणि कुणाला काही दिसलं नाही.

दादासाहेब बाकावर बसले, नेमके पोरं बसायची त्या जागी. मग अगदी साध्या आवाजात, पुस्तक सोडून, म्हणाले, "मी रोज बघत होतो गं." थोड्या वेळाने त्यांनी चिमीला विचारलं, "आणि तो ठोकळा? तो कसा आहे?"

माफी मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवशी चिमी बाकावर होती, दोन पोरांच्या मध्ये, आणि दादासाहेब खणखणीत आवाजात सांगत होते, "बालकांनो, इंद्रिये पाच. त्यांत श्रेष्ठ ती त्वचा. हे मी प्रथमपासून सांगत आलो आहे!" ऐका! काशीवहिनींनी पदर तोंडात कोंबला. पण कपाट त्या दिवसापासून उघडं राहिलं, हौद जमिनीला टेकवला गेला आणि पोरांनी अशी काही वाळू उडवली की दादासाहेबांच्या पानातही ती सापडू लागली. वाळूत लपवलेल्या शिंपल्या शोधायच्या खेळात चिमी सगळ्यांना हरवायची. दादासाहेबही हौदाच्या काठाशी बसून हात घालायचे आणि तेही हरायचे. फक्त सोवळं सुटलं नाही. खेळण्यांना हात लावा, वाळूत लोळा, पण आम्हा मासळी खाणाऱ्यांच्या पोरांनी त्यांच्या अंगाला शिवायचं नाही. चिमीचा हात चुकून जवळ आला तरी म्हातारा चटकन मागे सरायचा. त्याबद्दल मी त्यांना शेवटपर्यंत टोमणे मारले.

गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली त्याच्या आधी दोन वर्षं, साध्याच तापाने ते गेले. त्यांना त्याच खोलीत जमिनीवर ठेवलं होतं. चिमी माझा हात सोडून हौदाच्या काठाने चाचपत पुढे गेली. त्यांचा पुतण्या ओरडला, "पोरीला मागे घ्या, शिवेल ती!"

काशीवहिनी भिंतीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शिवू दे तिला."

चिमी खाली बसली. तिने कपाळावर हात ठेवला, मिटलेल्या डोळ्यांवरून बोटं नेली, नाकावरून खाली आली आणि एकदम थबकली.

"आई," ती म्हणाली, "आजोबांना मिशा होत्या? मला कुणी सांगितलंच नाही."