बहुधा येईल

धारूरच्या बाजारात खाली माझं खताचं दुकान, वर सरांचा इंग्रजीचा क्लास. संध्याकाळी मीही जाऊन बसतो. 'विल'नंतर 'प्रॉबेबली' कसं बसवायचं, याला सरांचं उदाहरण ठरलेलं: "माय सन विल प्रॉबेबली कम." मुलगा बहुधा येईल. सांगताना ते खडूची बोटं पँटला पुसत राहतात.

परवा एका मुलीनं 'प्रॉबेबली' खोडून 'डेफिनेटली' लिहिलं. "नक्की येतेत की सर, दिवाळी हाय!"

सरांनी तो शब्द तळहातानं पुसला. "एवढं नक्की नसतंय, माय."

सगळे गेल्यावर विसरलेला चष्मा आणायला मी वर गेलो. पुसलेल्या जागी पुन्हा 'डेफिनेटली' होतं, सरांच्या तिरक्या अक्षरात. समोर सर एकटेच उभे होते.

चष्मा न घेताच मी जिना उतरलो.